पाव्यातलं बोट

प्रमुख पाहुण्या बाई पोहोचायच्या बेतात होत्या आणि नेमकं तेव्हाच संग्रहपालांचं बोट पाव्यात अडकलं.

पावा साधासुधा नव्हे. तीनशे वर्षांचा, लाकडी, संग्रहालयाचा जीव की प्राण. त्याच्याजवळ कुणी मोठ्याने श्वाससुद्धा सोडायचा नाही, असा संग्रहपालांचा दंडक. कालच त्याच्या काचेवर ओलं फडकं फिरवलं म्हणून सफाईवाल्या मावशींना त्यांनी फैलावर घेतलं होतं. आज आत धूळ तर नाही ना, हे पाहायला त्यांनी पाव्याच्या खालच्या तोंडात बोट घातलं, तेही नियमाप्रमाणे पांढऱ्या हातमोज्यासकट. हातमोजा आत गोळा झाला. ओढाताणीत बोट सुजलं.

"साबण लावू?" मावशींनी विचारलं.

"लाकूड फुगेल!"

"मग तेल?"

"डाग पडेल! खबरदार!"

"बर्फ तरी?"

"ओल धरेल हो, मावशी!" बोट ठणकत होतं, पण तोरा काही उतरत नव्हता.

संचालक धावत आले. "पाव्याला काही झालं?"

"साहेब, बोट अडकलंय माझं."

"ते दिसतंय. पाव्याला काही झालं का?"

"नाही, पण कापावा लागेल बहुतेक."

"पावा कापायचा तर वरून मंजुरी लागते." संचालक विचारात पडले. "बोट मात्र आपल्या संग्रहात नाही."

संग्रहपालांनी पाव्यासकट हात पाठीमागे लपवला.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. संचालकांनी संग्रहपालांना मोठ्या रिकाम्या काचेच्या कपाटात ढकललं आणि त्यांचा पाव्यासकट हात उंच करून ठेवला. "हलायचं नाही. नोकरी टिकवायचीय ना?"

पाहुण्या बाई कपाटासमोर थबकल्या. "अगं बाई, किती हुबेहूब! मेणाचा का?"

"अस्सल मेणाचा," संचालक म्हणाले.

"चेहऱ्यावर काय वेदना आहे! नाक तेवढं फसलंय."

"धूळ बसलीय जरा," म्हणत मावशींनी कपाट उघडून पिसांचा झाडू पुतळ्याच्या नाकावरून फिरवला. अगदी सावकाश, दोन्ही बाजूंनी. संग्रहपालांनी शिंक गिळली. डोळ्यांतून पाणी आलं, पण तोवर बाई पुढच्या दालनात गेल्या होत्या.

हात इतका वेळ वर राहिल्याने सूज ओसरली आणि पाहुण्या जाताच बोट अलगद सुटलं. पाव्याला ओरखडासुद्धा नव्हता. संग्रहपालांना रडूच कोसळलं.

"साहेब, निघालं! बोटही शाबूत, पावाही शाबूत!"

संचालकांचा चेहरा मात्र पडला. "बाईंचा आत्ताच फोन आला होता. उद्या आपल्या सगळ्या महिला मंडळाला घेऊन पुतळा बघायला येताहेत."

त्यांनी खाली पडलेला हातमोजा उचलला, झटकला आणि संग्रहपालांपुढे धरला.

"घाला परत."