वाटीएवढी सावली

शिवराज सर वडाला आंघोळ घालत होते. मुरूम गावातल्या त्यांच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीला एक स्टूल, स्टुलावर उथळ कुंडी, आणि कुंडीत वीतभर उंचीचा वड. शाळेत चित्रकला शिकवणारे सर ओल्या फडक्यानं त्याचं एकेक पान पुसत होते, तान्ह्या लेकराचे कान पुसावेत तसे. फांद्यांना वळण लावणारी तार आधीच सोडली होती. मातीवर शेवाळाची गादी अंथरली होती. दोऱ्यासारख्या नाजूक पारंब्या नुकत्याच कुठं मातीला टेकल्या होत्या.

धाराशिवच्या बोन्साय प्रदर्शनात आज संध्याकाळच्या आत झाड पोचवायचं होतं. लग्नाआधीपासून वाढवलेलं हे झाड पहिल्यांदाच गाव सोडणार होतं. चार लोकांनी डोळे भरून बघावं, आणि गेलं तसं हिरवंगार परत यावं, एवढीच सरांची आस.

"पाणी पाजलंय. आता थेंबभर बी नको," त्यांनी बायकोला बजावलं. "म्या जीप घेऊन येतो. तवर झाडाला हात लावायचा न्हाय कुणी."

"न्हाय लावत. जावा तुमी," ज्ञानेश्वरी म्हणाली. ती आज नवी साडी नेसली होती. सरांच्या ते ध्यानातही आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं आज एकच वड होता, आणि नेमकी आजच वडाची पुनव होती.

सणामुळं जीप मिळायला वेळ लागला. ड्रायव्हरला घेऊन सर गल्लीत शिरले, तर अंगणातून ओवी ऐकू आली:

*वडाच्या गं रोपा, तुझी सावली वाटीएवढी*
*माझ्या कुंकवाला दे रे उमर आभाळाएवढी*

आवाज गोड होता. सर मात्र पळतच आत शिरले.

स्टुलाभोवती तिघी फेऱ्या घालत होत्या. ज्ञानेश्वरी, शेजारच्या शांतम्मा आणि पिठाच्या गिरणीवाल्या बजरंगची बायको शिवलीला. वड कुठं दिसतच नव्हता. स्टुलावर पांढऱ्या सुताचा एक मोठा कोसला होता, आणि त्यातून चार पानं श्वास घ्यायला बाहेर आल्यासारखी डोकावत होती. कुंडीत पाणी साचलं होतं. शेवाळावर हळदीकुंकू, त्यावर आंबा.

"अगं! हात लावू नको म्हनलो हुतो न्हवं?"

"हात कुठं लावला?" ज्ञानेश्वरी निरागसपणे म्हणाली. "सूत लावलं."

"आन तुमीच की सर, गेल्या साली गल्लीत भाषण केलंत," शांतम्मा पुढं झाल्या. "फांद्या तोडून पुजू नका, जितं झाड पुजा. स्टँडजवळचा थोरला वड रस्त्यात गेला. मग जितं झाड कुठं हाय? तुमच्या घरी. आमी ऐकलं तुमचं."

स्वतःचंच भाषण सरांच्या गळ्यात पडलं. त्यांनी आधी कुंडी तिरकी करून पाणी निथळू दिलं. मग खिशातून बारकी कात्री काढली.

तिघींनी एकदम किंकाळी फोडली. "अयाया! धागा कापताय? नवऱ्याचं आयुष्य हाय ते!"

किंकाळी ऐकून शेजारून बिराप्पा आले. शांतम्मांचे मालक, मेंढरं पोराच्या हवाली करून आता निवांत बसणारे. मागोमाग पिठानं पांढरा झालेला बजरंग.

"शिवराजा, थांब," बिराप्पांनी हात वर केला. "ह्यात माझा कुठला?"

"आता काय कळतंय, आज्जा? समदं गुतलंय."

"मग कात्री ठिव खाली. तुला प्रदर्शन हाय, मला गुडघा हाय. त्या धाग्यावरच जगतोय म्या."

"आन मला बीपी हाय, सर," बजरंग म्हणाला. "बाकीचं कापा, माझं तेवढं ऱ्हाऊ द्या."

"उलट्या फेऱ्या मारून सोडू या का?" सरांनी काकुळतीनं विचारलं.

"म्हंजे सात जन्म वजा?" शिवलीलाचे डोळे विस्फारले. "आन शांतम्मांनी तर हैदराबादच्या जावयांचं बी गुंडाळलंय!"

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. सरांनी ठरवलं, आहे तसं न्यायचं, वाटेत बघू. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं ते 'वाटेत बघू' बिराप्पांनी वाचलं. मेंढरं राखलेला माणूस तो. "म्या येतो संगं," म्हणत ते जीपमध्ये चढले. बजरंग गिरणी बंद करून चढला. नवरे निघाले म्हणून बायका चढल्या. सर मधे, मांडीवर कोसला, आणि चारी बाजूंनी पहारा.

नळदुर्ग गेलं, तुळजापूर गेलं. जीपमध्ये ओव्या, आंबे आणि हसणं. वारं तापलेलं होतं, पण उत्साह त्याहून तापलेला. शांतम्मा झाडाला पदरानं वारा घालत होत्या.

हॉलमध्ये नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी चष्मा वर केला. "हे काय आहे?"

"वड," सर म्हणाले.

"कुठे?"

"आत हाय," बिराप्पांनी खात्री दिली.

"झाडावर सजावट चालत नाही. हे काढा, नाहीतर झाड बाहेर ठेवा. अर्ध्या तासात नोंदणी बंद."

"सजावट न्हाय बाई, आयुष्य हाय!" बजरंग कळवळला.

तेवढ्यात एक पान गळलं. पिवळं होऊन, गिरक्या घेत, ते थेट बजरंगच्या चपलेवर पडलं. पाठोपाठ दुसरं. सरांनी सुतात बोट घातलं. आत दमट, कोंदट गरम होतं. एक पारंबी धाग्यानं आवळून काळी पडू लागली होती. त्यांचा आवाजच बदलला.

"बक्षीस ऱ्हाऊ द्या. नोंदणी बी ऱ्हाऊ द्या. झाडाचा जीव कोंडलाय. आसंच ठिवलं तर उद्या मरंल ते."

शांतम्मांनी गळलेलं पान उचललं, नवऱ्याकडं पाहिलं, पुन्हा पानाकडं पाहिलं.

"अगं शिवलीला," त्या हळूच म्हणाल्या, "ज्याच्यापाशी आयुष्य मागितलं, तेच मेलं तर?"

बजरंगचा हात छातीवर गेला. बिराप्पा ताडकन पुढं झाले. गुडघ्याचं त्यांना भानच राहिलं नाही.

"शिवराजा, बघत काय बसलास? काप!"

"पण आज्जा, तुमचा धागा..."

"धाग्याला काय चाटायचंय? झाड वाचीव! काप म्हनतो न्हवं!"

मग त्या टेबलाशेजारी एक शस्त्रक्रियाच सुरू झाली. बिराप्पांनी कुंडी धरली, बजरंगनं मोबाइलची बॅटरी लावली, बायकांनी सुटलेलं सूत अलगद ओंजळीत झेललं. 'पारंबी सांभाळा', 'वरच्या शेंड्याकडं बघा' असा नुसता कल्ला. शेवटचा धागा सुटला आणि वडानं अंग झाडलं. पानांची टोकं हलली. बाईंनीच घड्याळाकडं पाठ करून त्याचा नंबर लिहिला.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. गर्दी मात्र खरी ह्याच झाडापाशी झाली, कारण बिराप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझं हाय हे. पुढचे सात जन्म ह्यातच हैत."

झाड सुखरूप घरी आलं, आणि सरांचं सुख संपलं. रोज सकाळी बिराप्पा अंगणात हजर. "पाणी पाजलंस का? जरा सुकल्यावानी दिसतंय." दुपारी गिरणीतून बजरंगचा फोन. "सर, नवं पान आलं का? आज जरा चक्कर आल्यासारखं झालं, म्हनून इचारतो."

पावसाळ्यात वडाला नवी पालवी फुटली. आकार राखायला छाटणी हवी होती. सर कात्री घेऊन बसले, तर भिंतीवरून आवाज आला.

"कुठली फांदी कापतोस?"

"डावीकडची, आज्जा. लई वाढलीया."

"ती माझी हाय. वाढू दे. उजवीकडची काप, ती बजरंगची."

बजरंगला विचारायचा प्रश्नच नव्हता. वरचा शेंडा हैदराबादच्या जावयांच्या नावे केव्हाच लागला होता. सरांनी हताश होऊन कात्री मांडीवर ठेवली.

"ज्ञानेश्वरी, समद्यांच्या वाटण्या झाल्या. ह्या झाडात माझं काय हाय का न्हाय?"

ज्ञानेश्वरी उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं,

"हाय की. मुळं. लई पसरली की छाटायची असत्यात, तुमीच म्हनता न्हवं?"