येमूलांकडचं तिसरं ताट

आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या आधी छापून येते आणि माणसं नंतर मोजली जातात. इतर जिल्ह्यांत उलटं असतं म्हणे. असेल बापडं. ज्याची त्याची पद्धत.

दर दहा वर्षांनी लोखंडी पेट्यांतून वह्या येतात. पहिल्या पानावर आकडा असतो: एकोणचाळीस लाख बारा हजार सातशे अठ्ठ्याऐंशी. पुढे सगळा तपशील. मराठी बोलणारे किती, कानडी किती, तेलुगू किती, उर्दू किती, तांड्यांवर बंजारा बोलणारे किती. एका चुलीवर आठ-दहा माणसं जेवतात अशी घरं किती, नवरा-बायको दोघंच अशी किती, एकट्या माणसाची किती. त्यापुढे घरोघरचा आकडा. आम्ही प्रगणक, म्हणजे शाळेतले मास्तर आणि बाया, दारोदार जाऊन घरं वहीशी जुळवतो.

माणसं मोजायला जाऊ नये. कुणी शेतात असतं, कुणी पुण्याला गेलेलं असतं, कुणी नेमकं तेव्हाच संडासात असतं. म्हणून आम्ही ताटं मोजतो. दुपारच्या जेवणाला मांडलेली ताटं मोजायची, आकडा लिहायचा, सही करायची. वहीपेक्षा कमी भरली तर कचेरी एक माणूस पाठवते. वहीपेक्षा माणसं जास्त झाली तर जास्तीच्या माणसाने जिथे जागा असेल त्या घरी जायचं. जागा मिळाली नाही तर तो 'शिल्लक' या रकान्यात जातो. शिल्लकच्या रकान्यात शून्य छापलेलं असतं, आणि शेवटच्या दिवशी दुपारी दोनचा भोंगा झाला की तिथे शून्यच असतं. ते कसं होतं हे मी कधी विचारलं नाही. दोननंतर शाळेला सुट्टी असायची, मी घरी जाऊन पडायची.

लोकांना यात काही वावगं वाटत नाही. मागच्या खेपेला एकट्या माणसाच्या घरांत एक घर कमी पडत होतं, आणि वहीत कुंभार गल्लीतल्या साखऱ्यांपुढे एकचा आकडा होता. घरात माणसं पाच. चौघं जेवून हात धुवायला मागच्या दारी गेली, ती तिकडूनच आपापल्या नव्या घरी गेली. आठ दिवसांनी मी साखऱ्यांना विचारलं, "करमतं का हो एकट्याला?"

"न करमायला काय झालं?" ते म्हणाले. "पहिल्यापासून एकटाच आहे ना मी."

मोरीच्या कोनाड्यात पाच ब्रश होते. चार अजून ओले होते.

मी शैलजा खडतरे. बावीस वर्षं लग्नाला झाली, एकवीस नोकरीला. माझ्या वहीत खाडाखोड नाही. एक रेघ नाही. लोक रडतात, हातापाया पडतात, मी आकडा बदलत नाही. एकाचा बदलला की दुसरा म्हणतो माझाही बदला, आणि मग जिल्हा कुणाच्या भरवशावर चालायचा? 'एकदा सही झालेला आकडा खोडू नये' हे परिपत्रक माझ्याच सूचनेवरून निघालं. कचेरीच्या भिंतीवर ते काचेत लावलंय.

त्या परिपत्रकाचा पहिला उपयोग मीच केला, मागच्याच खेपेला, घर क्रमांक सत्तेचाळीसवर. तिथे येमूल राहतात. नरसय्या मागावर टॉवेल विणतात, बायको राजव्वा सुताच्या कांड्या भरते. वहीत तीन होते. मी गेले तेव्हा ताटं दोन. मी दोन लिहिले, सही केली. मग आतून पोरगी आली, अंबुजा नाव, एकोणीस वर्षांची, भिजलेले केस पुशीत.

राजव्वा म्हणाली, "बाई, शनिवार हाय. पोरगीचा उपास हाय. म्हणून ताट नाही. ही बघा की, इथंच हाय."

"ताट नाही तर नाही," मी म्हटलं.

"खोडा की बाई! लेकरू उपाशी हाय, मेलं नाही!"

मी खोडलं नाही. कचेरीने नियमाप्रमाणे एक म्हातारा पाठवला, अंबुजा जास्तीची झाली, आणि त्या खेपेला कुठेच जागा नव्हती. म्हातारा चांगला होता म्हणे. तीन वर्षांनी वारला.

यंदा पहिल्या दिवशी मी माझ्याच घरापासून सुरुवात केली. सासूबाई, माझे यजमान अनंतराव आणि मुलगा ऋतुराज. वहीत चारचा आकडा होता. मी ताटं वाढली, वरण-भात, मेथीची भाजी, ठेचा. भाकऱ्या थापता थापता मोजलं: तीन ताटं. तीन लिहिले आणि सही केली. मग सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून पातेल्यातच उरलेला भात कालवला आणि खाल्ला. रोज असंच जेवते. भांडं कमी घासावं लागतं.

त्याच दुपारी येमूलांकडे गेले. वहीत तीन. माणसं दोन आणि ताटं तीन. तिसऱ्यात भात, आमटी, लोणच्याची फोड, सगळं वाढलेलं. पुढे कुणी नाही.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"पोरगीचं," राजव्वा म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. "रोज वाढतो आम्ही. ताट नसलं की काय हुतं ते कळलं की आम्हास्नी."

ताटं तीन, वहीत तीन. जुळलं. मी सही करून निघाले. कचेरीला त्या घरी कुणाला पाठवायचं कारणच उरलं नाही.

संध्याकाळी आमच्या दारात एक बाई उभी. माझ्याच वयाची, हातात नायलॉनची पिशवी आणि कचेरीची चिठ्ठी. "मी हेमलता," ती म्हणाली. "तुमच्याकडे एक कमी आहे ना?"

मी म्हटलं, "आमच्याकडे कुठे कमी आहे?" आणि मोजायला लागले. सासूबाई, हे, ऋतुराज. तिथे माझं बोट थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेमलताने स्वयंपाक केला. मिठाचा डबा कुठे असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने चार ताटं मांडली, वाढलं आणि चौथ्यावर स्वतः बसली. मला वाटलं आता सासूबाई काही बोलतील. त्या म्हणाल्या, "बस गं बाई, गरम गरम खाऊन घे." बावीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. अर्थात मीही कधी बसले नव्हते. पण मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी मी कचेरीत हत्तुरे साहेबांकडे गेले. गणनेचा आमचा भाग त्यांच्याकडे आहे. सज्जन माणूस, सतत तपकीर ओढतो.

"साहेब, माझ्या घरचा आकडा चुकला. मी स्वतःलाच मोजलं नाही."

"तुमचं ताट होतं?"

"नव्हतं. मी मागाहून जेवते."

"पातेल्यात?"

"पातेल्यात."

साहेबांनी डोकं हलवलं. "बाई, पातेल्याचा रकाना नाही. आणि आता ती बाई बसली चौथ्या ताटावर. वहीत चार, ताटं चार. खोडायचं तर..." त्यांनी भिंतीवरच्या काचेकडे बघितलं. मीही बघितलं. खाली बारीक अक्षरात 'सूचना: श्रीमती खडतरे' असं होतं.

"माझ्याच घरात मी जास्तीची झाले हो," मी म्हटलं. रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर आवरलं.

"शनिवारी दोनला भोंगा आहे," ते हळूच म्हणाले. "तोवर जागा बघा. सगळीकडच्या वह्या जुळल्यात म्हणा. तुमच्यासारखी माणसं कामाला असली की जागा राहत नाही कुठे."

मी तरी बघितली. विजापूर वेशीपासून स्टेशनपर्यंत माझ्या भागातली सगळी घरं. कानडी बोलणाऱ्यांत जागा नव्हती, उर्दू बोलणाऱ्यांत नव्हती. एका मारवाड्याकडे एकवीस माणसं एका चुलीवर जेवत होती, मला वाटलं एवढ्यात एक खपून जाईल. एकवीसच ताटं होती. लोकही मला आधीसारखे थांबून बोलत नव्हते. मी दारात उभी राहिले की वारा आल्यासारखं दार ओढून घ्यायचे.

शनिवारी दुपारी मी साडी घ्यायला घरी गेले. दार सासूबाईंनी उघडलं. आत वळून ओरडल्या, "अनंता, गणनेच्या बाई आल्यात बघ!"

हे बाहेर आले. बावीस वर्षांचा संसार, समोर उभा. म्हणाले, "या ना बाई. आमच्याकडे मोजून झालंय, पण बसा. पाणी घेणार?"

"ऋतुराज कुठाय?" मी विचारलं.

"क्लासला गेलाय. तुम्ही शिकवलंय का त्याला?"

मी म्हटलं, "हो." पाणी प्यायले. हेमलताने पेला परत नेला आणि जाता जाता माझ्याकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पेला तिने सोडला नाही. तिलाही कुठून तरी यावं लागलं असणार. साडी मागायचं माझं धाडस झालं नाही.

बाहेर आले तेव्हा एक वाजून गेला होता. आणि सगळ्या जिल्ह्यात एक मोकळी जागा आहे हे फक्त मलाच माहीत होतं. वहीवर ती दिसत नव्हती, कारण वही मीच जुळवली होती. तिथे जायची मला लाज वाटत होती. मरणापेक्षा जास्त वाटत होती असं म्हणणार होते, पण तसं असतं तर मी गेलेच नसते.

माग बंद होते. नरसय्या हात धुऊन बसले होते. दोन ताटांपुढे ते तिसरं ताट होतं, भात, आमटी, लोणच्याची फोड. राजव्वा तांब्या घेऊन उभी होती. मी उंबऱ्याबाहेर थांबले.

"राजव्वा, मी खडतरे बाई. मी त्या दिवशी खोडलं नाही."

ती बघत राहिली. दोनला सात-आठ मिनिटं असतील. ती मला दाराबाहेरून हाकलेल असं मला वाटलं, आणि हाकललं असतं तर मी काहीही म्हणू शकले नसते.

नरसय्या तेलुगूत काहीतरी म्हणाले. राजव्वाने तांब्या खाली ठेवला, खुंटीवरचा टॉवेल काढला आणि माझ्या हातात दिला.

"डोकं पूस," ती म्हणाली. "किती वेळ लावलीस. आमटी गार झाली."

माझ्या केसांना हात लावला. ते ओले होते.

मी पाटावर बसले. राजव्वा गरम आमटी वाढायला वाकली आणि मध्येच थांबली.

"आज शनिवार हाय," ती म्हणाली. "उपास नाही ना धरलीस?"

"नाही," मी म्हटलं. "वाढ. आणि तूही बस आता. ताट घेऊन बस."

ती बसली. मी मोजलं, नरसय्या, राजव्वा, आणि मग माझं बोट माझ्याकडे वळवून मोजलं. तीन. भोंगा झाला तेव्हा माझ्या तोंडात पहिला घास होता.