जावईबापूंची सहाण

"धार म्हणजे काय हो, शेवटी एक प्रोसेसच! एकदा समजली की झालं!"

जपानातल्या फुनाबोरीत, आपल्या स्वयंपाकघरात गुणवंत हे म्हणाला तेव्हा त्याच्या हातात उघडा वस्तरा होता. अशा माणसाशी वाद कोण घालणार? बायको अनघाने घातला नाही. सासूबाई, म्हणजे सुचेताताई, पुण्याहून येऊन दोनच दिवस झाले होते. त्या तर जावयापुढे शब्द काढणाऱ्यांतल्याच नव्हेत.

वस्तरा गल्लीतल्या ओनो-सान न्हाव्याचा. पंचावन्न वर्षं चालवलेलं दुकान म्हातारबुवा जूनअखेर बंद करणार होते. जपानात आल्यावर पहिलं वर्षभर गुणवंतशी ऑफिसबाहेर बोलणारा हा एकमेव माणूस! त्याला भडभडून आलं आणि त्या भरात त्याने आठवण म्हणून वस्तरा मागितला. ओनो-सानांनी वस्तरा दिला, धार लावायचा गुळगुळीत दगड दिला आणि वर अट घातली.

"पुढच्या रविवारी आणा. मी एक केस लोंबता धरीन. पात्याला टेकताच तुटला, तर ज्याने धार लावली त्याचा वस्तरा. नाही तुटला, तर माझ्याबरोबर तोही रिटायर!"

अकरा वर्षं गुणवंत लोकांच्या सर्व्हरवरच्या फायली इकडून तिकडे हलवत होता. हातात धरून दाखवावं असं एकही काम त्याच्या नावावर नव्हतं. त्यामुळे हा वस्तरा त्याला हवा म्हणजे हवाच होता! त्याने भीष्मप्रतिज्ञाही करून टाकली, "दाढी करीन तर ह्याच वस्तऱ्याने!"

दगड वाडग्यात भिजत घालून त्याने वाडगा ओट्यावर ठेवला आणि सोमवारपासून रोज ऑफिसातून आला की घासायला बसू लागला. सोमवारी वस्तऱ्याने हातावरचे केस नुसते विंचरले. मंगळवारी त्याने व्हिडिओ पाहून चामड्यावर पातं ओढायचं ठरवलं. पातं पाठीकडून ओढायचं असतं. ह्याने ओढलं धारेकडून. जो वस्तरा केस कापेना, त्याने ऑफिसचा पट्टा मात्र सपकन कापला! बुधवारी कावासाकीच्या क्लायंटपुढे वाकून नमस्कार करताना गुणवंतचा एक हात पँटवर होता. पाच दिवसांची दाढी पाहून गुरुवारी मॅनेजरने हळूच विचारलं, "गुणवंत-सान, घरी सगळं ठीक ना?"

"मिताली, एक केस दे ना!" तो मुलीमागे धावायचा.

"पापा, माता?" ती जपानीत किंचाळायची. परत काय, म्हणजे! आणि वेणी घट्ट धरून बाथरूममध्ये कोंडून घ्यायची.

गुरुवारी संध्याकाळी तर पातं दगडावरून साबणासारखं सटकू लागलं. त्याने वास घेतला. वस्तऱ्याला चंदनाचा वास!

तेवढ्यात बैठकीतून सुचेताताईंचा आवाज आला. फोनवर त्यांची धाकटी बहीण होती.

"विभा, काय सांगू! जावई लाखात एक! वजन होतं म्हणून मी सहाण पुण्यातच ठेवली, तर ह्यांनी न सांगता जपानी दगड आणून, भिजवून, ओट्यावर तयार ठेवला! रोज त्याच्यावरच गंध उगाळते. इथल्या पाण्याने जरा काळपट होतं, एवढंच."

गुणवंतने देव्हाऱ्याकडे पाहिलं. बाळकृष्णाच्या कपाळावर वस्तऱ्याच्या पोलादाचा टिळा होता!

"खबरदार काही बोललास तर!" अनघा कानाशी कुजबुजली. "अर्ध्या पुण्याला कळलंय. माझ्या आईला एवढं खूश मी लग्नानंतर पहिल्यांदा बघतेय!"

पण रविवार काही थांबणार नव्हता. शनिवारी गुणवंत पहाटे पाचला उठला. सासूबाईंच्या पूजेआधी उरकायचं म्हणून सगळा जोर लावून घासू लागला. खर्र, खर्र, खर्र!

"अगंबाई! देवाच्या सहाणेवर दाढीचा वस्तरा!"

सुचेताताई न्हाऊन दारात उभ्या होत्या. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. गुणवंतने सगळं सांगून टाकलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"म्हणजे आठवडाभर मी देवाला न्हाव्याच्या दगडावरचं गंध लावलं?"

"आई, चूक माझी आहे. आधीच सांगायला हवं होतं."

त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग जावयाच्या दाढीकडे पाहिलं. मग उठल्या, घासणी घेतली आणि दगडावरचं चंदन खसाखसा घासून काढलं.

"देवाला चाललं, तर आपण कोण बोलणारे? पण गुणवंतराव, हे खर्रखर्र काय लावलंय तुम्ही? उगाळताना जोर करायचा नसतो. हात हलका हवा, दगडाला कळूसुद्धा नये. द्या इकडे!"

आणि चाळीस वर्षं चंदन उगाळलेलं ते मनगट वस्तऱ्यावर चालू लागलं. आवाजच बदलला. गुणवंत तोंड उघडं टाकून तासभर नुसता बघत राहिला.

रविवारी ओनो-सानांनी आपल्या डोक्यावरच्या मोजक्या केसांतला एक, मन घट्ट करून, उपटला. केस पात्याला टेकला आणि त्याचे दोन तुकडे झाले! म्हातारबुवांनी पात्याचा वास घेतला, डोळे मिटले.

"धार कोणी लावली?"

'मी' म्हणणं किती सोपं होतं! शेजारी नऊवारी आणि स्पोर्ट्स शूज घातलेल्या सुचेताताई हसत उभ्या होत्या. त्यांना जपानी ओ की ठो कळत नव्हतं. गुणवंतने सासूबाईंकडे हात केला.

"ह्यांनी."

ओनो-सान कमरेत वाकले आणि दोन्ही हातांनी वस्तरा सासूबाईंना दिला. त्यांनी तो कपाळाला लावला.

तरी वस्तरा घरात आला होता! गुणवंत घरी येताच तोंडाला फेस फासून उभा राहिला.

"आई, वस्तरा कुठंय?"

"देव्हाऱ्यात. गंधाच्या दगडावरची धार ती, दाढीला कशी लावायची? खंडेनवमीला शस्त्र म्हणून रीतसर पूजा करू. मग बघू!"

खंडेनवमीला चार महिने होते. गुणवंतने फेस पुसला, प्रतिज्ञा गिळली आणि कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून प्लास्टिकचा रेझर आणला. पहिल्याच ओढीत हनुवटी कापली!

"अरे देवा, किती रक्त!" सुचेताताई धावत आल्या. "थांबा हं, चंदन उगाळून लावते. आता सहाण आहे ना घरात!"