दोन व्याही आणि एक गोळी

परदेशातल्या लेकीकडे आलेल्या गॅरेजवाल्या व्याह्यांची बॅग विमान कंपनीने भलत्याच देशात पाठवली आणि तिच्याबरोबर त्यांची हृदयाची गोळीही गेली. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, असं लेकीने फोनवर बजावलं होतं. पण त्या पिशवीत त्यांनी तान्ह्या नातीसाठी स्वतः बनवलेली पत्र्याची गाडी कोंबली होती.

"मी तर बाबा गोळ्या खिशातच ठेवतो," छापखानेवाले व्याही सहज म्हटल्यासारखं म्हणाले. हे जावयाचे वडील. तेही बाळ बघायला आलेले आणि तेही हृदयाचेच पेशंट. लग्न ठरल्यापासून दोघांत एकच वाद होता: कोणाचा डॉक्टर मोठा आणि कोणाची गोळी जालीम. गॅरेजवाले समोरच्याच्या गोळीला निव्वळ खडू म्हणत.

सकाळची गोळी हुकली तशी लेक वडिलांना घेऊन औषधाच्या दुकानात निघाली. छापखानेवालेही कोणी न बोलावता निघाले. गॅरेजवाल्यांनी गोळीचं तोंडपाठ नाव ठणकावून सांगितलं. दुकानातल्या बाईंनी कॉम्प्युटरवर शोधलं, पण त्या नावाची गोळी इथे मिळतच नव्हती. हे नाव कंपनीने दिलेलं, आत औषध कोणतं आहे, असं त्यांनी लेकीमार्फत विचारलं. गॅरेजवाल्यांना "हृदयाचं" यापलीकडे काही सांगता येईना.

लेकीने घरच्या डॉक्टरांना फोन लावला. गॅरेजवाले बाकावर टेकले. आवाज पार खाली आला होता.

"एकदम बंद करायची नाही म्हणालेत हो डॉक्टर. नातीला अजून धड मांडीवर घेतलं नाही मी."

छापखानेवाल्यांनी ओठांवर आलेला टोमणा गिळला आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "ही घ्या. खडू तर खडू."

दुसऱ्याची गोळी अशी घ्यायची नसते, म्हणून बाईंनी पट्टी मध्येच काढून घेतली. पण ती उलटून मागची बारीक अक्षरं वाचली. तेवढ्यात फोनवरून डॉक्टरांनी आतल्या औषधाचं नाव सांगितलं. ते पट्टीवरचंच निघालं. प्रमाणही तेच.

शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी लिहून दिली आणि बाईंनी तेच औषध तिसऱ्याच नावाने हातात ठेवलं. गॅरेजवाल्यांनी तिथेच गोळी घेतली, तेव्हा लेकीचा जीव भांड्यात पडला.

परतताना मात्र दोघाही व्याह्यांची पंचाईत झाली. इतक्या वर्षांचं भांडण बाईंनी दोन मिनिटांत निकालात काढलं होतं. आता महिनाभर एका घरात बोलायचं तरी काय? कोपऱ्यापर्यंत गॅरेजवाल्यांनी कशीबशी कळ काढली.

"तुमची साखर किती असते हो?"

"नॉर्मल," छापखानेवाले सावध होत म्हणाले.

"माझी तुमच्यापेक्षा नॉर्मल," गॅरेजवाले म्हणाले, आणि दोघांच्याही चालीत जोर आला.