चौदावा रकाना : इतर

माणूस कायमचं गेलं, हे वसाहतीला शोकसभेत कळत नाही. ते आकडे आल्यावर कळतं. मीटरवाल्यांची बायको गेली तेव्हा रीतसर शोकसभा झाली आणि दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली (प्रत्यक्षात सव्वा मिनिट, पुढे अध्यक्षांना उभं राहवेना. अध्यक्ष मीटरवालेच होते). पण ती गेल्याचं उघड झालं ते आठ महिन्यांनी, मतदानाचे आकडे लागले त्या दिवशी.

वसाहतीत चारशे मतदार. मागच्या तिन्ही वेळा मतदान एक्याऐंशी टक्के. यंदा छत्तीस.

मीटरवाले म्हणजे चौतीस वर्षं लोकांच्या विजेचे मीटर वाचून निवृत्त झालेले गृहस्थ. 'सर्वाधिक मतदान करणारी वसाहत' म्हणून मिळालेली फिरती ढाल तिन्ही वेळा त्यांनीच स्वीकारली होती, आणि तिन्ही वेळा 'नागरिकांना जागं कसं ठेवावं' यावर वीस मिनिटं बोलून निम्म्या सभागृहाला झोपवलं होतं. पहिल्या वेळी बायकोने विचारलं होतं, "मी येऊ का?" घराला कुलूप लावून दोघांनी कशाला जायचं, असा त्यांनी निर्णय दिला. तो पुढच्या दोन वेळांनाही लागू धरण्यात आला.

आता निवडणूक कार्यालयाकडून ढाल परत मागवण्याचं पत्र आलं. पंधरा दिवसांत समाधानकारक कारण कळवलं, तर फेरविचार होणार होता. लगेच त्रिसदस्यीय समिती नेमली गेली : मीटरवाले, औषधांचे दुकानदार आणि निवृत्त मुख्याध्यापिका. समितीने तेरा कारणांचा तक्ता आखला. ऊन, अंतर, गुडघे, उमेदवारांची माहिती नसणे, उमेदवारांची माहिती असणे, वगैरे. उरलेल्या दोन बोटं जागेत चौदावा रकाना : 'इतर'.

एक्याऐंशीतून छत्तीस गेले, उरले पंचेचाळीस टक्के, म्हणजे चारशेंतले एकशे ऐंशी मतदार कमी झाले. ते घरोघर जाऊन शोधायचं काम मीटरवाल्यांनी अंगावर घेतलं. सवय होती. बेल वाजवायची, आकडा लिहायचा, माणसाकडे बघायचं नाही.

पहिल्याच दारात शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "सासूबाई अंथरुणावर. एकटं कसं सोडायचं? दर वेळी तुमच्याकडच्या काकू यायच्या ना. म्हणायच्या, जाऊन ये, मी बसते."

मीटरवाल्यांनी तेरा रकाने चाचपले आणि 'इतर'मध्ये एक रेघ मारली.

पुढच्या घरी नळ दुरुस्त करणारा यायचा होता, त्याच्या पुढच्या घरी बाळ नुकतं झोपलं होतं. एका घरी नवरा-बायकोचं भांडण होतं आणि आधी आपण घराबाहेर पडायचं नाही यावर दोघंही ठाम होते. तिथेही काकू येऊन मधल्या खुर्चीवर बसायची, सोबत चष्मा आणि कालचं वर्तमानपत्र. मत देऊन परतलेल्या माणसाला ती घरात शिरू द्यायची नाही. शेजारच्या घरात बसायला पाठवायची. तो शेजारी परतला की त्याच्या शेजारी. दुपारपर्यंत अर्धी वसाहत दुसऱ्यांच्या घरात बसलेली असे. मीटरवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. मतदानाच्या दिवशी ती घरी नसायची. सुट्टी म्हणून शेजारणींकडे गप्पा मारायला जात असेल, असा त्यांचा समज होता. भाषणाची तयारी करायला शांतता मिळायची, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही.

चार दिवसांनी समिती बसली. तेरा रकाने स्वच्छ होते. चौदाव्यातल्या रेघा कागदाच्या मागच्या बाजूला गेल्या होत्या.

"काका, रकाना लहान पडला," औषधवाले म्हणाले.

बेरीज एकशे अठ्ठ्याहत्तर आली. दोन मतदार सापडेनात. चौतीस वर्षांत मीटरवाल्यांच्या वहीत दोन युनिटांचा घोळ झाला नव्हता. त्यांनी तीनदा मोजलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं बोट बघू."

मीटरवाल्यांनी हात टेबलाखाली नेला. शाई नव्हती.

"कारण?"

"घरी बसायला कोणी नव्हतं."

"कोणापाशी बसायचं होतं?"

त्यांनी कागद पुढे सरकवला. समितीने सहानुभूतीपूर्वक विचार करून एक रेघ वाढवली. एकशे एकोणऐंशी.

एकशे ऐंशीवा मतदार यादीतच निघाला. नाव, वय, घर क्रमांक सगळं बरोबर. शेरा : मतदानास अनुपस्थित. गेलेल्या माणसाचं नाव काढायला घरच्यांनी अर्ज द्यायचा असतो. घरच्यांनी दिलेला नव्हता.

मीटरवाल्यांनी अहवाल अर्ध्या पानात लिहिला. ढाल तिन्ही वेळा आपण चुकून घेतली, असं त्यात स्वच्छ नमूद केलं. कारण समाधानकारक ठरलं नाही आणि ढाल पलीकडच्या वसाहतीला गेली. वसाहतीच्या सभेत मात्र अहवालाचं कौतुक झालं. पुढच्या वेळी कोणीतरी घरोघर जाऊन बसावं, ही शिफारस हात वर करून एकमताने मंजूर झाली. कोण बसणार, असं विचारल्यावर हात खाली आले आणि प्रत्येकाने मागे वळून पाहिलं. वाचकांनीही आत्ता पाहिलं असेल, तर मागे कोणी नाही.

नाव वगळण्याचा अर्ज मीटरवाल्यांनी आणला आहे. दूरदर्शन संचावर ठेवला आहे. भरायचा राहिला आहे.