सबनीसांचं गणित ठरत नाही

एका रविवारी सकाळी मी अंगाला साबण लावून नळ सोडला, तर नळाने नुसता सुस्कारा टाकला आणि तो गप्प बसला. टॉवेल गुंडाळून तसाच गच्चीवर गेलो. तिथे वरच्या मजल्यावरचे सबनीस पाण्याच्या टाकीशेजारी मनगटी घड्याळ हातात धरून उभे. टाकीची खालची तोटी सताड उघडी होती आणि इमारतीचं सगळं पाणी घरमालक बबनअण्णांच्या मेथीत चाललं होतं.

"गायकवाड, हेही पुस्तक खोटं निघालं," ते दुःखाने म्हणाले.

पुस्तकात तो सनातन प्रश्न होता. वरच्या नळाने टाकी इतक्या वेळात भरते, खालच्या तोटीने तितक्या वेळात रिकामी होते, दोन्ही एकदम सोडले तर टाकी कधी भरेल? सबनीसांनी दोन्ही सोडले. मध्येच लाइट गेली, मोटार बंद पडली, तोटी मात्र इमानाने वाहत राहिली. उत्तर आलं, 'कधीच नाही.' पुस्तकात लोडशेडिंगचा उल्लेखच नव्हता.

तेवढ्यात बबनअण्णा वर आले. त्यांनी एकदा टाकीकडे, एकदा माझ्या टॉवेलकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आवो सबनीस, टाकी भरायची हाय तर खालची तोटी सोडायची कशापायी?" यावर सबनीसांकडेच काय, जगातल्या कुठल्याही गणिततज्ज्ञाकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही.

आम्ही तेव्हा पिरंगुटजवळच्या भरे गावात राहत होतो. मी नगरकडचा, पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. सबनीस आधी हिंजवडीला कॉम्प्युटरवर होते. शाळेत मुलांचं डोकं बिघडतं, असं मनाने घेतल्यावर त्यांनी थोरली मुक्ता आणि धाकटी ओवी या दोन्ही मुलींना शाळेतून काढलं आणि त्यांना शिकवायला स्वतः नोकरी सोडली. त्यांच्या पत्नी मेधावहिनी हिंजवडीतच कामाला होत्या. घर त्यांच्यावर चालायचं.

पोरी गुणी होत्या. वर्तमानपत्रावरून मराठी शिकल्या, ओढ्याकाठी विज्ञान शिकल्या, बबनअण्णांच्या म्हशीवरून तर काय काय शिकल्या ते विचारू नका. फक्त गणितापाशी घोडं पेंड खात होतं. मुलींना कुठल्या पद्धतीने गणित शिकवावं, हे सबनीसांचं ठरत नव्हतं. परदेशातून पुस्तकांची पार्सलं यायची. पोस्टमन बिचारा चढावर सायकल ढकलत यायचा आणि सबनीसांच्या नावाने काहीतरी पुटपुटायचा. पुस्तक ठरेपर्यंत मुलींच्या कानावर चुकीच्या पद्धतीचे आकडे पडू नयेत, म्हणून घरात आकडे बंद होते. पोळ्या किती वाढू, असं वहिनींनी विचारलं की सबनीस म्हणायचे, "पुरेशा."

आलेली प्रत्येक पद्धत आधी मोठ्या माणसांवर चालवून पाहायची, असा त्यांचा नियम होता. मोठी माणसं म्हणजे मी आणि बबनअण्णा. संध्याकाळी सतरंजीवर बसवून सबनीस सुरुवात करायचे, "असं धरा, की तुम्हाला काही येत नाही."

"त्यात धरायचं काय?" अण्णा म्हणायचे.

एका पद्धतीत रंगीत लाकडी कांड्या होत्या. अण्णांनी त्यांचा दावणीसकट गोठा बांधला आणि जाताना एक निळी कांडी कान कोरायला घेऊन गेले. दुसऱ्या पद्धतीत संख्या पायांना कळली पाहिजे, असं होतं. म्हणून गच्चीवर खडूने रेघ आखून मला उणे तीनपासून चारपर्यंत लंगडी घालायला लावली. नेमकी तेव्हाच आमच्या कारखान्याची बस खालून गेली. सोमवारपासून लोक मला तब्येत कशी आहे, असं फार आपुलकीने विचारू लागले.

पण यातून पास झालेलं पुस्तकही शेवटी शाब्दिक उदाहरणांवर आपटायचं. उदाहरण खरं असलंच पाहिजे, हा सबनीसांचा हट्ट. "मुलांना खोटं गणित सांगायचं नाही," हे त्यांचं पालुपद. पाच मजूर खड्डा आठ दिवसांत खणतात, तर दहा मजूर किती दिवसांत, हे पाहायला ते बावधनला एका बांधकामावर जाऊन बसले. खड्ड्यात चारच माणसं मावत होती, उरलेली कडेला बसून तंबाखू मळत होती. झालं, पुस्तक बाद. एका परदेशी पुस्तकात कुणा मुलीने आपले पाच ससे शेजाऱ्याला दिले होते. शेजारी ते खाणार की पाळणार, याचा खुलासा नव्हता. तेही बाद.

अखेर वहिनींनी हात टेकले. कंपनी त्यांना काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवत होती. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी आमच्यादेखत एक घाव दोन तुकडे केले. म्हणाल्या, मी परत येईन तेव्हा गणित ठरलेलं नसलं, तर दोघी पिरंगुटच्या शाळेत जातील. सबनीसांचा चेहरा पडला. मग वहिनींनी एका डब्यात चिंचोके भरले आणि ओवीला समजावलं, रोज सकाळी एक काढायचा, डबा रिकामा झाला की आई आली. हे ऐकून सबनीस पांढरेफटक पडले. घरात आकडे शिरले म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन माझ्या दारात हजर. "हा तुमच्याकडे ठेवा. मला माझा भरवसा नाही." म्हटलं, चिंचोके भाजून खाता की काय? ते हसले नाहीत. तेव्हापासून रोज सकाळी दोघी पोरी माझ्याकडे यायच्या, एक चिंचोका काढायच्या आणि सबनीस झाकण पक्कं लागलंय का ते स्वतः दाबून बघायचे. पुस्तकांची चाळण चालूच होती, पण त्यांचं अर्धं लक्ष त्या डब्याकडे असायचं.

डब्याचा तळ दिसायला लागला तेव्हा एका संध्याकाळी वहिनींचा फोन आला. काम लांबलं होतं, आणखी महिनाभर येता येणार नव्हतं. तेवढं सांगून सबनीस माझ्याकडच्या खुर्चीत बसले आणि डब्याचं झाकण दाबत राहिले. मी माझ्या परीने तोडगा काढला. म्हटलं, एवढं काय त्यात? महिन्याचे चिंचोके गुपचूप डब्यात टाकू. लहान पोर आहे, तिला कळणारही नाही.

"कळत नाही, हे खरंय," ते म्हणाले. "मलाही कळलं नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं. ते ओवीएवढे असताना त्यांचे वडील मस्कतला नोकरीला गेले. आईने असाच डबा भरून दिला होता. वडिलांचं येणं लांबत गेलं आणि पोराला रडू येऊ नये म्हणून आई त्यात चिंचोके टाकत गेली. हा रोज एक काढायचा, मोजायचा, आणि डबा काही सरायचा नाही.

"आले का वडील?" मी विचारलं.

"आले की. पण तोवर मला पक्कं ठाऊक झालं होतं, की मला वजाबाकी येत नाही. आईने खरं काय ते माझ्या लग्नात सांगितलं. सगळे हसले. मीही हसलो."

या माणसाला आम्ही दोन वर्षं येडं समजत होतो.

सबनीस उठले, डबा घेतला, दोघी पोरींना हाक मारून सतरंजीवर बसवलं आणि उरलेले चिंचोके त्यांच्यासमोर ओतले. "आईचं काम लांबलंय. आणखी एवढे दिवस वाढले," असं म्हणून त्यांनी नवे चिंचोके एकेक करून मोजत त्यात घातले. ओवीने भोकाड पसरलं. मुक्ता ओठ दाबून मोजत राहिली आणि शेवटी तिने सगळ्यांची बेरीज सांगितली. ती बरोबर होती. रडणारी ओवी मध्येच थांबली आणि तिने स्वतः पुन्हा मोजून पाहिलं. तीही बरोबर. मग ती पुन्हा रडायला लागली.

सबनीसांनी त्याच आठवड्यात गणित ठरवलं. साधं सरकारी पुस्तक, तोटीवालं. मी थक्क झालो. त्यात तर मजूरही आहेत, म्हटलं. ते म्हणाले, "असू देत. पुस्तकात खोटं असलेलं चालतं, गायकवाड. घरात नको."

शेवटचा चिंचोका निघाला त्या दिवशी मेधावहिनी आल्या. पोरी त्यांच्या गळ्यात पडल्या, बबनअण्णा बॅगा उचलायला धावले. एवढ्या गोंधळात सबनीस दिसेनात, म्हणून पाहायला गेलो. ते माझ्या घरात डबा घेऊन बसले होते. त्यांनी तो उपडा केला, तळाला थाप मारली, आत बोट फिरवून पाहिलं.

"एकही उरला नाही," ते म्हणाले. डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. "बघा तुम्हीही. नीट बघा."

मी डबा हातात घेतला आणि नीट बघितला.