विचारल्याशिवाय न हलणारे विष्णूशेठ

विष्णूशेठ भोईर प्रत्येक गोष्ट विचारून करत, आणि मी त्यांना न विचारता एक ओळ लिहिली. चूक माझी. पण ती कळायला आधी शेठ कळायला हवेत.

भिवंडीजवळ राहनाळला स्वतःच्याच गोडाऊनसमोर स्कूटर लावताना ते टेम्पोवाल्याला विचारत, "लावू का?" एकदा नव्या टेम्पोवाल्याने ऐटीत "नहीं" म्हटलं, तर शेठ रस्त्यापलीकडे स्कूटर लावून भर उन्हात चालत आले. दुसऱ्याने काही केलं की त्यांचा ठरलेला प्रश्न, "इचारलं का?" भावांनी गोडाऊनला रंग काढला तेव्हाही हेच.

"कोनाला इचारायचं? गोडाऊन आपलाच हाय ना!"

"भिंतीपलीकडं राहतो त्याला. वास त्यालाच येनार."

स्वतःच्या साखरपुड्यात त्यांनी सगळ्यांदेखत नियोजित वधूला विचारलं, "तुला कोनी इचारलं का?" पोरगी घाबरून खरं बोलली, "न्हाय." शेठ पाटावरून उठले ते कायमचे. "उठू का, ते तेवढं कोनाला इचारलं न्हाय," असं त्यांचे भाऊ सांगतात. शेठ एकटेच राहिले.

गोडाऊनच्या केबिनमध्ये शेठ आणि अन्सार यांनी 'पन्हा' नावाचा प्रोग्राम लिहिला. अन्सार लूमवर नक्षी ठरवणारी भोकांची कार्डं पंच करायचा. कापड विणण्याआधी त्याची किनार कॉम्प्युटरवर दिसावी, एवढंच पन्ह्याचं काम. तो ओपन सोर्स होता, म्हणजे आतला कोड कोणीही वाचावा, बदलावा, फुकट वापरावा. माझा भिवंडीत कॉम्प्युटर क्लास होता, म्हणून इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे.

परदेशातल्या एका फाउंडेशनने पन्ह्याला आपल्या छत्राखाली घ्यायची तयारी दाखवली. सर्व्हर त्यांचा, वकील त्यांचे, आणि नियमही त्यांचे. ज्याने जो कोड लिहिला, त्याची लेखी परवानगी हवी. परवानगी नसेल तो भाग काढायचा. निर्णय मेलिंग लिस्टवर, जगासमोर, आणि तिथे लिहिलेलं कधीही पुसलं जाणार नाही. मी नियम वाचून दाखवले तेव्हा शेठ खुर्चीतून उठलेच. "सर, ही तर आपली मानसं निघाली!"

त्याच सुमारास अन्सार छातीच्या दुखण्याने गेला. किनारीचा सगळा भाग त्याने लिहिलेला. आता वारस म्हणून त्याच्या बायकोची, झुबेदाभाभीची सही लागणार होती. फॉर्म शेठनी स्वतःकडे घेतला.

"शेठ, सही झाली?"

"इचारतो."

महिने गेले. लोडशेडिंग संपलं की मी मेल उघडायचो आणि फाउंडेशनचं स्मरणपत्र समोर असायचं. शेठ भाभीच्या गल्लीत शिरताना मला दोनदा दिसले. हातात पिठाची पिशवी, खिशात घडी घातलेला फॉर्म. पिशवी दाराशी ठेवून ते आल्या पावली परतले. सगळ्या जगाला विचारणारा माणूस ऐन वेळी कच खातो, असं मी ठरवून टाकलं. शिवाय, खोटं कशाला बोलू, पन्हा छत्राखाली गेला की त्याच्या समितीत माझं नाव येणार होतं. क्लासच्या पाटीवर ते रंगवायचं, इथपर्यंत माझी तयारी झाली होती.

मी लिस्टवर लिहिलं, "हक्कदाराचा पत्ता लागत नाही." अन्सारचा भाग काढला गेला. कोणा परदेशी माणसाने नवी किनार लिहून दिली. पन्हा नियमांत बसला. मी पेढे वाटले.

पुढच्याच आठवड्यात शेठ इस्त्रीचा शर्ट घालून क्लासमध्ये आले. फॉर्मवर उर्दूत सही होती.

"सर, भाभीची इद्दत पुरी झाली."

नवरा गेल्यावर चार महिने आणि वर काही दिवस बाई परपुरुषासमोर येत नाही. भिवंडीत जन्म काढून हे मला सुचलं नव्हतं. शेठ म्हणाले, "पडद्याआडून इचारता आलं असतं. पन त्या दिसांत तिला कागद कुठं दाखवायचा? तिनं येकच इचारलं, 'इनका नाम रहेगा ना?' मी हो बोललो."

लिस्टवर मी काय लिहिलं आणि अन्सारचा भाग कसा निघाला, ते मी सांगितलं. त्यांनी ती ओळ मराठीत करून मागितली. मी करून दिली.

"पत्ता न्हाय? तुमच्या क्लासच्या मागची गल्ली ना, सर?"

"कोड परत घालता येईल, शेठ."

"कोडचं जाऊ द्या. ती बाई हाय का न्हाय, ते तुमी परस्पर ठरवलंत."

ते निघून गेले. त्यांनी पुन्हा पन्ह्यात एक ओळ लिहिली नाही. मी अन्सारचा भाग परत घेण्याचा प्रस्ताव मांडला, पण तोवर नवी किनार सगळीकडे पोचली होती. जुनी कोणालाच नको होती.

लिस्टवर माझं खोटं मी कबूल केलं. ते सोपं होतं, तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. मागच्या गल्लीत जायला मला वर्ष लागलं.

भाभीने पाणी दिलं. विष्णूशेठचं नाव काढताच त्या किंचित हसल्या. "भाईजान तो पानी भी पूछके पीते हैं. बस इनका डिब्बा बिना पूछे खोलते थे. मैं दो रोटी ज़्यादा ही रखती थी."

अन्सार गेल्यापासून शेठ केबिनमध्ये दुपारचे जेवत नाहीत, हे मला भाभीकडूनच कळलं.

माझी हिंदी तुटकी. म्हटलं, "भाभी, मैंने लिखा था कि आपका पता नहीं मिलता. पता मालूम था. मैं आया ही नहीं. मुझे माफ़ करो."